चार हजार पौंडांची ‘शिष्यवृत्ती’ आणि दोन एकर रान

आदरणीय ताई,

मी गेवराई तालुक्यातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदविज्ञानात एम.एस्सी. करते, शेवटचं वर्ष आहे. 2025 च्या सप्टेंबरातल्या पुरात आमच्या गोदाकाठच्या रानातली माती खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. अशा जमिनी पुन्हा कशा उभ्या करायच्या हेच शिकायचं, असं तेव्हापासून डोक्यात बसलंय. संभाजीनगरच्या एका कन्सल्टन्सीने मला इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि चार हजार पौंडांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. महिनाभरात डिपॉझिट भरा म्हणतात, आणि त्यांची स्वतःची फी साठ हजार. वडील म्हणतात, उरलेल्या रानातलं दोन एकर विकू, पण पोरीला पाठवू. आमचे एक सर मात्र म्हणतात, परदेशी पैशाच्या नादी लागू नकोस, ते फुकट देत नाहीत, मिंधं करून ठेवतात. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?

आणखी एक. मी बी.एस्सी. केलं त्या कॉलेजचे प्राचार्य विचारत होते, की प्रयोगशाळेसाठी बाहेरच्या देशातून मदत मिळते का. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

– एक वाचक, जि. बीड

लेकी,

आधी वडिलांना सांग, रान विकायचं नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण एवढं आजच सांग. गिऱ्हाईक बघून झालं असेल, इसाराची बोलणी चालू असतील, तर थांबव.

तुझ्या हातात पडलंय ती फीमधली सूट आहे. सेलमध्ये साडीच्या चिठ्ठीवर आधी मोठा आकडा छापतात, मग त्यावर काट मारतात, तसं. तू पत्रात फी लिहिली नाहीस, म्हणून मी अंदाजाने बावीस हजार पौंड धरते. तिकडच्या विज्ञानाच्या मास्टर्सला साधारण एवढी लागतेच. चार हजार वजा केले, राहिले अठरा हजार. पौंड 115 रुपये धरला तरी वीस लाख सत्तर हजार झाले. व्हिसासाठी लंडनबाहेर राहणार असशील तरी नऊ महिन्यांच्या खर्चापोटी दहा हजार पौंडांहून जास्त रक्कम खात्यात दाखवावी लागते. म्हणजे आणखी साडेअकरा लाखांच्या वर. शिवाय आरोग्याचा अधिभार वर्षाला 776 पौंड, व्हिसाची फी, विमानाचं तिकीट. तेहतीस-चौतीस लाखांचा मामला आहे हा, आणि दोन एकर विकून तो सुटणार नाही. मग उरलेल्या रानावर बोजा चढेल.

‘शिकून झाल्यावर दोन वर्षं तिथे नोकरी करून फेडता येतं’ हेही सांगितलं असेलच. तो नियम बदललाय. 1 जानेवारी 2027 पासून शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार आहेत. आणि मृदविज्ञानातली नोकरी कोणी तिथे हातात घेऊन उभं नसतं.

कन्सल्टन्सीवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. त्यांचा धंदा आहे. विद्यार्थी पोचवला की तिकडची बरीच विद्यापीठं त्यांना कमिशन देतात, त्यामुळे जिथे कमिशन नाही तो रस्ता ते तुला दाखवणारच नाहीत. आणि पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्यांत कमिशन नसतं. अर्ज थेट करायचा असतो आणि त्या अर्जाला पैसे पडत नाहीत. चेव्हनिंग असो, इरॅस्मस मुंडुस असो, जर्मनीच्या डाड या संस्थेची असो, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कोणी पैसे मागितले की तिथून उठायचं. साठ हजार तर मुळीच द्यायचे नाहीत.

आता खऱ्या वाटा. सगळ्यांची यादी देत बसत नाही, तुझ्या कामाच्या तेवढ्या सांगते.

तुझ्यासाठी सगळ्यात जवळची इरॅस्मस मुंडुस. हा पैसा युरोपियन युनियनचा. दोन-तीन देशांतली विद्यापीठं मिळून एकच मास्टर्स चालवतात, विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात जात शिकतो. माती, पाणी, शेती या विषयांतले असे कोर्स आहेत. नोकरीच्या अनुभवाची सरसकट अट नाही आणि शेवटच्या वर्षाला असतानाही बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो. फी माफ, विमा त्यांचा, आणि हातात महिन्याला 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारीत चालतात, प्रत्येक कोर्सची तारीख वेगळी. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही: प्रवास, व्हिसा, तिकडे बिऱ्हाड मांडणं, सगळं त्या 1,400 मध्येच बसवायचं असतं, वेगळं मिळत नाही. आणि पहिला हप्ता तिथे पोचून बँकेत खातं उघडल्यावर. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तरी निघताना दीड-दोन लाख जवळ लागतील. ते मामाकडून, पतसंस्थेतून, कुठूनही उभे राहतील आणि वर्षभरात फिटतीलही. त्यासाठी रान विकावं लागत नाही.

चेव्हनिंग ब्रिटिश सरकारची. फी, राहणं-खाणं, विमानभाडं सगळं देतात, एक वर्षाचं मास्टर्स. पण 2,800 तासांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी. आज तू त्यात बसत नाहीस. डाडच्या विकासाशी निगडित अभ्यासक्रमांनाही दोन वर्षांचा अनुभव मागतात. तेव्हा पहिल्या झटक्यात काही लागलं नाही तर कृषी विज्ञान केंद्रात, पाणलोटाच्या कामात, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत, मिळेल तिथे काम धर आणि नेमणुकीचं पत्र, अनुभवाचा दाखला जपून ठेव. दोन वर्षांनी या दोन्ही वाटा उघडतात. तोंडी नोकरी, रोख पगार, कागद काही नाही, असली नोकरी अर्जात मोजता येत नाही.

आपल्याही सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. तू प्रवर्ग लिहिला नाहीस आणि मी विचारतही नाही. पण केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, अल्पसंख्याक विभाग, सारथी, प्रत्येकाची वेगळी योजना आहे. त्यात उत्पन्नाची मर्यादा असते आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं. तुझं ते इंग्लंडमधलं विद्यापीठ त्यात बसतं का, एवढं बघ. बसत असेल तर तेच प्रवेशपत्र कामी येईल. उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी, हे आत्ताच काढायला घे. जाहिरात निघाल्यावर सेतूत रांग लावणाऱ्यांचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नकोस, अर्धं खरं आहे. परदेशी सरकारं फुकट देत नाहीत. चेव्हनिंगचा पैसा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातून येतो. शिक्षण खात्यातून येत नाही, यातच काय ते आलं. उद्या वेगवेगळ्या देशांत मोठ्या जागांवर बसणारी माणसं आपल्याला ओळखणारी असावीत, हा त्यांचा हिशेब आहे आणि ते लपवतही नाहीत. शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट घालतात. इरॅस्मसमध्ये तशी परतण्याची अट नाही. तिथला हिशेब वेगळा: जगभरातली हुशार पोरं युरोपच्या विद्यापीठांत यावीत.

पण अटी घालतात ते फक्त परकेच, असं सरांना वाटत असेल तर तसं नाही. बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यासाठी परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करारापोटी ते बडोद्याला गेलेही, आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही. तरी त्या शिक्षणाचं पुढे त्यांनी काय केलं ते संभाजीनगरात नागसेनवनात जाऊन बघता येतं. त्यांनीच काढलेलं मिलिंद कॉलेज 1950 पासून उभं आहे. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर केंद्राच्याच नॅशनल ओव्हरसीजमध्ये 2022 साली अट आली, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक अध्ययन हे विषय घेऊन परदेशात जाता येणार नाही. पैसा घरचाच, तरी काय शिकायचं ते देणाराच ठरवतो. तुझ्या विषयाला ती अट लागत नाही, पण समाजशास्त्रातल्या पोरांना लागली.

आपल्या देशाने तर बाहेरचा पैसा फार हिशेबाने घेतलाय. आयआयटी मुंबई 1958 साली उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून, मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला नऊ अमेरिकी विद्यापीठं. जगात शीतयुद्ध पेटलेलं आणि आपण दोन्हीकडून यंत्रं, प्राध्यापक घेऊन बसलो. कोणाचे मिंधे झालो? तुमच्या कृषी विद्यापीठांचा साचासुद्धा अमेरिकेतला. पंतनगरचं पहिलं कृषी विद्यापीठ 1960 साली इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सुरू झालं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली, ही रीत तिथून पसरली. परभणीला 1972 साली विद्यापीठ झालं तेही याच रीतीचं. उलट बाजूने बघायचं तर भारतही देतो. बाहेरच्या देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणारी आयटेक योजना 1964 पासून चालू आहे, आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत. संभाजीनगरात येमेन, सुदानची पोरं खोल्या करून राहतात, विद्यापीठात शिकतात. त्यांना मिंधं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. घरमालक भाडं जास्त लावतात, ती गोष्ट वेगळी.

सरांचं म्हणणं मला खरं पटतं ते दुसऱ्या जागी. बाहेरची मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्था 1 जुलै 2025 ला बंद केली, आणि तिच्या पैशावर शिकणारे कित्येक देशांतले विद्यार्थी अर्ध्यात अडकले. फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीचे हप्तेही त्या काळात थांबले होते. आणि फुलब्राइट तर 1950 पासूनचा करार, 2008 पासून भारत सरकार त्यात निम्मा वाटा देतं. एवढं जुनं खोडसुद्धा हललं. म्हणून एकाच शिष्यवृत्तीवर सगळं टांगून ठेवू नकोस. निदान तीन ठिकाणी अर्ज कर. निवड झाली की करार येईल. तो सही करण्याआधी पूर्ण वाच. मध्येच आजारी पडलीस, नापास झालीस, योजनाच बंद झाली तर काय, पैसे परत मागणार का, परतीचं तिकीट कोणाचं, ही कलमं शोधून काढ. न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मार आणि त्यांना मेल करून विचार. विचारल्यावर कोणी शिष्यवृत्ती काढून घेत नाही.

तुझ्या अर्जाबद्दल आता बारीकसारीक बोलते, कारण आपल्याकडची पोरं गुणात कमी पडत नाहीत, इथे पडतात.

शिफारसपत्र. आपल्याकडे काय होतं, ते तुला माहीत आहे: सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ पोरगी नेटवरून उतरवून आणते, ‘शी इज हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड ओबीडियंट’. परीक्षकाच्या पुढ्यात अशी शेकडो पत्रं असतात. आज्ञाधारक आहे हे वाचून तिकडे कोणी खूष होत नाही, उलट भुवई वर जाते. तू असं कर. सरांना वहीच्या एका पानावर मुद्दे लिहून दे: कोणत्या गावातून किती नमुने आणले, कोणतं मापन स्वतः केलं, कुठे चुकलं आणि पुन्हा कसं केलं, सेमिनारमध्ये कोणता प्रश्न विचारला होता. आणि म्हण, ‘सर, यातलं तुम्हाला आठवतं ते तुमच्या शब्दांत लिहा.’ दुसरं, पोर्टलवरून सरांच्या मेलवर लिंक जाते. ती बहुतेक स्पॅममध्ये पडते आणि सर मेल आठवड्याने बघतात. लिंक गेली त्याच दिवशी फोन कर, जमलं तर समोर बसून उघडून घे. मेल शक्यतो विद्यापीठाच्या पत्त्याचा असावा. साध्या जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी धरत नाहीत.

नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. पदवीच्या कागदावर वडिलांचं नाव एका अक्षराने वेगळं. बँकेत फक्त दोन शब्द. आपल्याला यात काही वाटत नाही, पण व्हिसाच्या कचेरीत ही चार वेगवेगळी माणसं होतात. सगळे कागद सतरंजीवर ओळीने मांड आणि अक्षर-अक्षर ताडून बघ. पासपोर्ट काढलेला नसेल तर दहावीच्या कागदाशी जुळवून काढ. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, सीजीपीएचा खुलासा आणि इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा दाखला घेऊन ठेव. काही कोर्स तेवढ्या दाखल्यावर भागवतात, मग आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार वाचतात. पण आधी कोर्सच्या पानावर खात्री करून घे.

आणि निवेदन, ज्याला एसओपी म्हणतात. ‘मी दुष्काळी मराठवाड्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबातून येते’ ही सुरुवात करू नकोस. खरी असली तरी नको. दया वाटून निवड होत नाही, आणि झाली तर ती तुझी झाली असं तुलाच वाटणार नाही. तुझ्याकडे याहून फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या रानातला वरचा थर किती इंच गेला? खाली मुरूम किती खोल आहे? शेजारी न खरडलेली पट्टी असेलच. तिच्यातला सेंद्रिय कर्ब किती आणि खरडलेल्यात किती? गावात लोक अशा जमिनीवर तलावातला गाळ ओढून टाकतात, सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाच आहे. पण गाळ टाकला म्हणजे माती झाली का? पाणी मुरतं का त्यात, की पहिल्या पावसात पापुद्रा धरतो? ज्यांनी गाळ टाकला त्यांच्या दुसऱ्या वर्षीच्या पिकाला काय झालं? प्रयोगशाळा तुझ्या हाताशी आहे, रान तुझं स्वतःचं आहे. चार ठिकाणचे नमुने घे, आकडे काढ, एक कोष्टक कर. एवढं घेऊन बेल्जियममधल्या गेंट किंवा नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या प्राध्यापकाला साधी मेल केलीस तर तो वाचेल, कारण त्याच्याकडे प्रयोगशाळा मोठी असली तरी गोदावरीने धुवून नेलेलं रान नाही. शिष्यवृत्ती नाही लागली तरी तो कागद तुमच्या गावाच्या उपयोगाचा आहे.

आई काही बोलत नाही म्हणालीस. बहुतेक तिला रानाची आणि तुझी अशा दोन्ही काळज्या एकदम लागल्यात, आणि एकीबद्दल बोललं तर दुसरी उघडी पडते. रान विकायचं नाही हे तिच्यासमोर ठरू दे, मग ती तुझ्याबद्दल बोलेल.

राहिले प्राचार्य. त्यांना हे उत्तर जसंच्या तसं दाखवलंस तरी चालेल. विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती घेणं आणि संस्थेने बाहेरचा पैसा घेणं यात फार अंतर आहे. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि गेल्या तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान 15 लाख खर्च केलेले हवेत. नाही तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी आधी परवानगी काढायची. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

मोठ्या प्रकल्पांना लोक परदेशी मदत म्हणतात, पण त्यात कर्ज किती हे बघावं. तुमच्या परभणीच्या विद्यापीठातलं ड्रोन-रोबोटचं डिजिटल शेती केंद्र राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून आलं. त्यात निम्मा पैसा जागतिक बँकेचा आणि निम्मा केंद्राचा. बँकेचा तो पैसा कर्ज आहे, फेडायचं आपणच. 2025 मध्ये मंजूर झालेल्या मेरिट योजनेतही 4,200 कोटींपैकी 2,100 कोटी असेच जागतिक बँकेचे आहेत, आणि ते तंत्रशिक्षणासाठी, अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकला. तालुक्याच्या कृषी कॉलेजला यातलं थेट काही येणार नाही. इरॅस्मसच्या क्षमताबांधणी प्रकल्पांत भारतीय संस्थांना भागीदार होता येतं, पण तिथे मोठ्या विद्यापीठाचं बोट धरूनच जावं लागतं.

लहान कॉलेजला खरा आधार मिळतो तो माजी विद्यार्थ्यांकडून. बाहेर नोकरीला असलेल्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, मग तो गावचा सख्खा पुतण्या का असेना. तेव्हा प्राचार्यांना सांग, आधी माजी विद्यार्थ्यांची यादी करा, प्रत्येकापुढे पासपोर्ट कोणता ते लिहा, आणि सीएला दाखवल्याशिवाय एक रुपयाही खात्यात घेऊ नका.

– ताई